पाय हलतात का, हा नंतरचा प्रश्न

पाठीच्या कण्याला मार बसलेल्या माणसाला भेटायला आलेली माणसं आधी पायांकडे बघतात. चादरीखालचा अंगठा हलतो का, गुडघा वाकतो का, उभं कधी राहायचं, डॉक्टर काय म्हणाले. शहाळं टेबलावर ठेवतात, पायथ्याशी उभी राहतात आणि नजर तिथून हलत नाही. मायेनेच विचारतात सगळी. तरीही मी आता ठामपणे म्हणते की पायांचा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तो घरात कुणी विचारत नाही, वॉर्डात विचारत नाही, आणि ओपीडीत विचारला तरी फाइलमध्ये मान घालून, ‘मोशन वगैरे ठीक ना?’ एवढाच. आपण ‘हो’ म्हणतो. मागे रांग असते.

शौचावर ताबा आहे का, हा तो प्रश्न. असला तर किती, नसला तर कशा प्रकारे नाही, आणि त्यावर काय करता येईल.

मी भांडुपला राहते आणि परळच्या एका शाळेत मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी, पाऊस तोंडावर आलेला असताना, गॅलरीवर ताडपत्री बांधताना तोल गेला आणि पहिल्या मजल्यावरून खाली पडले. बसल्या अवस्थेतच आपटले. कमरेचा पहिला मणका, डॉक्टर त्याला एल-वन म्हणतात, तो फुटला. स्क्रू आणि सळ्या घालून बांधला. अपघाताची याहून जास्त हकिकत सांगण्यासारखी नाही. सांगायचं आहे ते त्या मणक्याच्या जागेविषयी.

मज्जारज्जू कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी निमुळता होत संपतो, आणि त्याखाली नुसता नसांचा जुडगा उरतो. त्या निमुळत्या टोकातून निघणाऱ्या नसा त्रिकास्थीच्या भोकांतून, म्हणजे कमरेखालच्या सपाट हाडातून, बाहेर पडतात. त्यांतल्या एस-टू, एस-थ्री आणि एस-फोर या तिघींवर मूत्राशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, गुदाशय, गुदद्वाराचे स्नायू आणि शरीरसुखाच्या संवेदना अवलंबून असतात. मांडी उचलणाऱ्या, गुडघा सरळ करणाऱ्या नसा रज्जूच्या याहून वरच्या भागातून निघतात. म्हणून एल-वन फुटला की कधीकधी पाय बऱ्यापैकी परत येतात आणि हे टोक परत येत नाही. माझं तसंच झालं. वॉकर सुटला, काठी आली, जिना चढता यायला लागला. बघणाऱ्याच्या दृष्टीने मी बरी झाले.

त्या वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाला माझा सत्कार केला. साडी, श्रीफळ, सेक्रेटरींचं भाषण. जिद्दीने पायांवर उभी राहिलेली आमची ताई, असं काहीसं. ते मनापासून बोलत होते आणि मला ऐकायला बरंही वाटत होतं. मी आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. साडीच्या आत डायपर, त्यावर घट्ट सायकलिंग शॉर्ट, त्यावर परकर. खुर्ची दाराजवळची मागून घेतली होती. प्रसादाचा शिरा द्रोणातच ठेवला आणि नवऱ्याने तो हळूच डब्यात टाकला. पोटात जरा गुडगुडलं की भाषणातले शब्द ऐकू येईनासे व्हायचे आणि मी इथून घरापर्यंतच्या पायऱ्या मोजायला लागायचे. टाळ्या वाजल्या तेव्हा हात जोडून उभी राहिले, आणि उभं राहणं हाच सर्वांत धोक्याचा क्षण असतो हे त्या सभागृहात आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

निरोगी शरीरात हे काम इतकं निमूट चालतं की ते चालतं हेच कळत नाही. गुदाशय भरला की ताणाची खबर वर जाते. गुदद्वाराला दोन स्नायू असतात. आतला आपल्या इच्छेचा नाही. गुदाशय भरला की तो आपोआप सैलावतो. त्याच वेळी बाहेरचा स्नायू, जो आपल्या इच्छेचा आहे, आवळला जातो. मग आतडं शांत होतं आणि आपण ‘घरी जाऊन जाऊ’ म्हणत पुढच्या कामाला लागतो. मुंबईत माणूस सकाळी घर सोडतो आणि रात्री परततो तो या ‘घरी जाऊन’वर विसंबून. मला ती खबर उशिरा आणि पुसट यायची, आणि आली तरी आवळणारा स्नायू दुबळा. गाडी कुर्ला-शीव दरम्यान सिग्नलला थांबली तर पुढे काय, याचं उत्तर माझ्याकडे नसायचं.

एक गोष्ट मला पुढे वाचताना कळली आणि ती माझ्या मनातून जात नाही. मज्जारज्जूची इजा ‘पूर्ण’ की ‘अपूर्ण’, हे जगभर ज्या पद्धतीने ठरवतात, तिचा निकाल पायांवर लागत नाही. तो गुदद्वारापाशी लागतो. डॉक्टर तिथल्या त्वचेला स्पर्श आणि टोचणी कळते का बघतात, मग हातमोजा घालून बोट आत घालतात आणि विचारतात, दाब कळतो का, आवळता येतं का. यांतलं काहीच नसेल तर इजा पूर्ण. थोडं जरी असेल तरी अपूर्ण. म्हणजे आपल्याला पुढे किती सुधारणा होईल याचा सर्वांत मोठा अंदाज ज्या जागेवरून बांधतात, त्या जागेचं पुढे कुणी नावही काढत नाही. तपासणी होते, रकाना भरला जातो, पडदा सरकतो, आणि बाहेर उभ्या नातेवाइकांना सांगितलं जातं ते पायांविषयी. मला दाब कळला होता, आवळणं क्षीण होतं. माझ्या कागदावर ‘अपूर्ण’ लिहिलं गेलं. पुढे विजेच्या उपचाराचं दार उघडलं ते या नोंदीमुळे.

पण वीज नंतर. आधी जे शिकावं लागलं ते कुठल्याही यंत्राशिवायचं होतं, आणि माझ्या मते त्याला पर्याय नाही. हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. अशा पुनर्वसन विभागांच्या बाहेरच्या बाकांवर बसून मी जे ऐकलं, ते शस्त्रक्रियेच्या डिस्चार्ज कार्डावर कुठेच नव्हतं. एका वयस्क सिस्टरनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, “ताई, तुमचं आतडं कुठल्या प्रकारचं आहे, कुणी सांगितलं का?” मी नुसती बघत राहिले.

प्रकार असतात. इजा वर, मानेत किंवा छातीच्या भागात असली तर खालचा प्रतिक्षेप, म्हणजे मेंदूला न विचारता होणारी हालचाल, जिवंत राहतो. मेंदूचा ताबा सुटलेला असतो, पण बोट फिरवलं किंवा खालून गोळी घातली की आतडं आपण होऊन हलतं. इजा रज्जूच्या टोकाला किंवा त्याखालच्या नसांना झाली तर तो प्रतिक्षेपच जातो. आतडं मंद आणि द्वार ढिलं, मग मळ बोटाने काढावा लागतो. पहिल्या प्रकारात मळ मऊ ठेवायचा, दुसऱ्यात जरा घट्ट. म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या बाईला लागू पडलेला सल्ला तुमच्यावर उलटू शकतो. इसबगोल घे, सगळं सुरळीत होईल, असं मला येणारा-जाणारा सांगायचा, आणि माझ्या ढिल्या द्वाराला इसबगोलाने फुगलेला मऊ मळ आवरेनासा व्हायचा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या आसपास किंवा त्याहून वर इजा असलेल्यांना तर आणखी सांभाळावं लागतं. त्यांच्या पोटात मळ साचून राहिला तर रक्तदाब एकाएकी चढू शकतो, डोकं ठणकायला लागतं, आणि वेळीच मळ काढला नाही तर जिवावर बेतू शकतं.

माझ्यात दोन्ही प्रकारांची सरमिसळ होती. सिस्टरनी वेळ लावून दिली. रोज एकच वेळ, काही झालं तरी. पोटात काही पडलं की मोठं आतडं साधारण वीस मिनिटांनी आपोआप ढवळायला लागतं, त्याचा फायदा घ्यायचा. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा उठायचं, चहा आणि दोन बिस्किटं, मग पोटावर उजवीकडून डावीकडे गोल मालीश, मग कमोडवर पुढे वाकून बसायचं, मग हातमोजा आणि जेली. सुरुवातीला नवरा मदतीला असायचा. त्याच्याविषयी एवढंच लिहिते की त्याने एकदाही तोंड फिरवलं नाही. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी बंद केली, कारण पुढचे दोन दिवस काहीच हलायचं नाही आणि तिसऱ्या दिवशी भलत्या वेळी हलायचं. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. मग त्या स्वतःच माझ्यासाठी वरीचे तांदूळ वेगळे चढवायला लागल्या.

याने खूप फरक पडला. पुरेसा पडला नाही.

एकदा आठवीच्या वर्गात, फळ्याकडे तोंड असताना, कपड्यात झालं. मला कळायच्या आधी वर्गाला कळलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, आपलं जर्किन माझ्या कमरेला बांधलं, “बाई, तुम्ही जा, मी वर्ग बघते,” म्हणाली आणि मागे वळून पोरांना धडा काढायला लावला. त्या संध्याकाळी मी राजीनामा लिहिला. नवऱ्याने तो वाचला आणि ठेवून दिला.

शहराचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच. २०११ पासून मुंबईतल्या कार्यकर्त्या ‘राइट टू पी’ या नावाने बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागत आल्या आहेत. मागणी किती साधी आहे आणि तिच्यासाठी किती झगडावं लागलं, हे बघितलं की माझ्या गरजांची यादी उच्चारायचा धीर होत नाही: बसायचा कमोड, धरायला दांडी, हाताला येईल असा नळ, कडी लागणारं दार, आणि बाहेर कुणी ठोठावणार नाही असा वेळ. अपंगांच्या डब्यात बसायला जागा मिळते, पण उतरल्यावर यांतलं काही मिळेल याची खात्री नाही. मग माणूस जे करतो तेच मी करत होते. खात नव्हते. लग्नं, बारशी, गावचे गणपती, सगळं सुटलं. डॉक्टरांच्या फाइलमध्ये मी चालती-फिरती होते आणि प्रत्यक्षात माझा नकाशा घर, शाळा आणि त्या दोन ठिकाणच्या संडासांपुरता उरला होता.

मी एकटीच असा विचार करते का, हे मला जाणून घ्यायचं होतं. अमेरिकेत किम अँडरसन या संशोधिकेने २००४ साली मज्जारज्जूला इजा झालेल्या ६८१ जणांना विचारलं होतं, की कोणती गोष्ट परत मिळाली तर तुमचं आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल. हात-पाय दोन्ही गेलेल्यांनी पहिला मान हातांना दिला. फक्त पाय गेलेल्यांनी लैंगिक क्षमतेला. मूत्राशय आणि आतड्यावरचा ताबा दोन्ही गटांनी महत्त्वाचा मानला. चालणं कुठल्याच गटात पहिलं आलं नाही. हे वाचल्यावर मला वाटलं, हा कागद प्रत्येक वॉर्डाच्या दारावर लावावा.

आता विजेविषयी. नसेला विजेचे हलके ठोके देऊन मूत्राशय ताळ्यावर आणायचे प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तनाघो आणि श्मिट यांनी केले, आणि माणसाच्या शरीरात पहिलं यंत्र १९८१ च्या सुमाराला बसवलं. शौचावरचा ताबा गेलेल्यांसाठी हीच युक्ती जर्मनीत मात्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं ते अवघ्या तीन रुग्णांविषयी. अमेरिकेत या कारणासाठी सरकारी मंजुरी मिळायला २०११ उजाडलं.

यंत्र साधं दिसतं. एक बारीक तार, तिच्या टोकाला चार छोटे विद्युतबिंदू. कमरेखालच्या हाडाच्या तिसऱ्या भोकातून ती तार एस-थ्री नसेच्या कडेला नेऊन ठेवतात. ढुंगणाच्या वरच्या बाजूला त्वचेखाली काडेपेटीहून लहान-मोठी बॅटरी. सेकंदाला साधारण चौदा ठोके, रात्रंदिवस. अनेकांना वाटतं की ही वीज स्नायूला आवळून धरते. तसं नाही. ठोक्यांची तीव्रता त्याहून खूप कमी असते. मुख्य परिणाम वरच्या दिशेला होतो, मेंदूकडे आणि रज्जूकडे जाणाऱ्या खबरींवर, आणि आतड्याच्या प्रतिक्षेपांवर. वर्गात कलकलाट वाढला की मी डस्टरने टेबलावर हलकी टकटक करते. त्याने कुणाला उत्तर येत नाही, पण कान जागे होतात. नसेशी हे यंत्र असंच काहीतरी करतं, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं आहे.

यावरून एक कठीण गोष्ट आपोआप निघते. खबर जायला वाट थोडी तरी उघडी हवी. इजा पूर्ण असेल तर वाट बंद, आणि मग या उपचाराचा सहसा उपयोग होत नाही. अपूर्ण इजेच्या रुग्णांवरही जे अभ्यास झाले ते लहान आहेत. मला हे डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगितलं आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. या उपचारातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की कायमचं यंत्र बसवण्याआधी करून बघता येतं. आधी फक्त तार घालतात, बॅटरी कमरेच्या पट्ट्याला बाहेर लावतात, दोन-तीन आठवडे वही लिहायची. कपड्यात होण्याचं प्रमाण निम्म्याने तरी उतरलं तरच पुढे जायचं.

तार घालताना मला पूर्ण भूल दिली नव्हती, कारण कुठे जाणवतं ते मीच सांगायचं होतं. पालथी झोपले होते. एक्स-रेच्या पडद्यावर सुई सरकत होती. एका क्षणी पायाचा अंगठा आपोआप खाली वळला. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण. मग विचारलं, “आता कुठे वाटतंय?” मी म्हटलं, “मागे. शीच्या जागी. आत ओढल्यासारखं.” आणि त्या टेबलावर मला रडू फुटलं. अपघातानंतर तिथे इतकं स्वच्छ, ठिकाण दाखवता येईल असं काही मला जाणवलंच नव्हतं. सिस्टर समजल्या की दुखतंय. दुखत नव्हतं.

वही नवरा लिहायचा. काय खाल्लं, किती वाजता कळ आली, संडासापर्यंत पोचले की नाही, कपडे खराब झाले का, किती. निम्म्याची अट सहज पार झाली. पण आकड्यांपेक्षा मला जे मिळालं ते मिनिटांमध्ये होतं. कळ येणं आणि होणं यांच्यामध्ये थोडा अवधी आला. तेवढ्यात वाक्य पूर्ण करता येतं, खडू ठेवता येतो, काठी घेऊन मजल्याच्या टोकापर्यंत चालत जाता येतं. चाचणी संपल्यावर तार काढली आणि थोड्याच दिवसांत सगळं पूर्ववत झालं. तो काळ मला अपघातानंतरच्या पहिल्या वर्षापेक्षा जड गेला.

तरीही मी स्वतःलाच विचारत राहिले, की हा विजेचा गुण की आशेचा? कारण तोवर मी आणखी एक अभ्यास वाचला होता. घोट्याजवळच्या नसेला आठवड्यातून एकदा, अर्धा तास, सुईतून वीज द्यायची, असे बारा आठवडे. हा यापेक्षा खूप स्वस्त आणि बिनशस्त्रक्रियेचा उपाय आहे. ब्रिटनमध्ये त्याची नीट परीक्षा घेतली गेली आणि ती २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. २२७ रुग्ण. खरी वीज दिलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना निम्मा किंवा अधिक आराम पडला, आणि ज्यांच्यावर उपचाराचं नुसतं नाटक केलं त्यांच्यापैकी ३१ टक्क्यांना. फरक मोजण्याजोगा नव्हता. ते रुग्ण कण्याच्या इजेचे नव्हते, आणि ती नसही वेगळी. पण नाटकानेही दहातल्या तिघांना बरं वाटतं, हे मी कधी विसरले नाही. घोट्याच्या उपचाराची जाहिरात कुणी पाठवली की मी हे आकडे परत पाठवते. स्वतःच्या बाबतीत मी शेवटी वहीवर विश्वास ठेवला: तार असताना काय आणि काढल्यावर काय, दोन्ही बाजू तिच्यात लिहिलेल्या होत्या.

खर्च काही लाखांत गेला. विम्याने हा उपचार त्यांच्या यादीत बसत नाही म्हणून कळवलं. पीएफमधून काढले, धाकट्या दिराने न मागता उरलेले आणून ठेवले. हे पैसे ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासमोर हा उपाय सांगताना माझी जीभ अडखळते, आणि तरीही सांगते. कायमचं यंत्र बसल्यावर सगळं छान झालं असंही नाही. जंतुसंसर्ग होऊ शकतो, तार सरकू शकते, बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया असते. जुन्या धाटणीच्या बॅटऱ्या पाचेक वर्षं चालतात, चार्ज करायच्या त्याहून खूप जास्त. जुन्या यंत्रांबरोबर पाठीचा एमआरआय करता येत नसे, आणि कण्याच्या रुग्णाला तो कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून हे आधीच विचारून घ्यावं. पोट बिघडलं, पातळ झालं, तर यंत्राचं काही चालत नाही. पहाटेचा चहा, मालीश आणि हातमोजा आजही तसेच आहेत. पर्समध्ये पॅड आहे. सावंतवाडीपर्यंत गाडीने जायचं धाडस अजून झालेलं नाही. पण मी शाळेत डबा नेते. दुपारी स्टाफरूममध्ये बसून तो खाते.

बाकावर भेटलेली माझी एक मैत्रीण दिव्याला चाळीत राहते. गाडीतून पडली होती, इजा पूर्ण. माझं यंत्र तिच्या उपयोगाचं नाही. पूर्ण इजेच्या रुग्णांसाठी लंडनच्या जाइल्स ब्रिंडली यांनी फार आधी वेगळी वाट काढली होती. त्यांचं यंत्र १९७८ मध्ये पहिल्यांदा यशस्वी झालं. त्यात रज्जूतून निघणाऱ्या नसांच्या पुढच्या बाजूच्या मुळांना थेट वीज देऊन, बटण दाबल्यावर, मूत्राशय रिकामं करतात, आणि काहींना शौचालाही त्याचा उपयोग होतो. पण त्याबरोबर मागच्या बाजूची मुळं सहसा कापतात, आणि त्यांच्याबरोबर उरलीसुरली संवेदना आणि लैंगिक प्रतिक्षेपही जातात. ही किंमत किती मोठी आहे हे ज्याचं त्यानेच ठरवायचं. आपल्याकडे अशा निर्णयाच्या वेळी खोलीत सासरा, दीर, मामा सगळे असतात आणि या एका गोष्टीविषयी कुणी बोलत नाही. निदान नवरा-बायकोला तरी एकांत द्यावा. आम्हा दोघांनाही याविषयी बोलायला फार वेळ लागला. बोललो, हे बरं झालं.

मैत्रिणीला उपयोगी पडलं ते पाणी. गुदद्वारातून एक नळी आत जाते, तिचा छोटा फुगा फुगवून ती जागेवर राहते, आणि पंपाने कोमट पाणी आत सोडतात. मग पाण्याबरोबर मळ बाहेर येतो. पोट असं रिकामं झालं की पुढे दिवस-दोन दिवस भीती नाही. कण्याच्या ८७ रुग्णांवर युरोपात झालेला, २००६ मध्ये छापला गेलेला अभ्यास सांगतो की नेहमीच्या पद्धतीपेक्षा याने मळ अडणं आणि सुटणं दोन्ही कमी झालं. तिच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला आहे. तिने घरातच पडदा लावून कमोडची खुर्ची ठेवली, पाण्याचा एक पिंप फक्त यासाठी वेगळा केला, आणि शेजारणींना एकदाच काय ते स्पष्ट सांगून टाकलं. आज ती ब्लाउज शिवते, माप घ्यायला कल्याणपर्यंत जाते. मला वाटतं तिच्या हातून जे झालं त्याला माझ्यापेक्षा जास्त कष्ट लागले, आणि तिचा सत्कार कुणी केला नाही.

परवा विरारहून एका मुलीचा फोन आला. नुकती काठीवर आली आहे, माझा नंबर तिला कुणीतरी दिला. तिला तारेविषयी ऐकायचं होतं, किती खर्च, कुठे बसवतात. मी आधी तिला विचारलं, इजा पूर्ण की अपूर्ण, खालची तपासणी केली होती का, काय सापडलं. तिला माहीत नव्हतं. आतड्याचा प्रकार विचारला, तेही कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, उद्या फाइल घेऊन जा, हे दोन प्रश्न विचार, उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. मग महिनाभर वेळ लावून बघू, वही ठेवू, आणि तरी भागलं नाही तर तारेचं बोलू. ती जरा थांबली आणि म्हणाली, “बाई, वेळ लावायची म्हणजे नक्की काय करायचं?” मी तिला वही-पेन आणायला सांगितलं आणि पहाटेच्या चहापासून सुरुवात केली.